फ्यूज तारेसाठी असतो

नवा डॅशकॅम घेतला की खोक्यात एक लांबलचक केबल आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा प्लग मिळतो. तो लावला की कॅमेरा चालू होतो. बऱ्याच जणांना एवढं पुरतंही. पण सॉकेट अडून राहतं, मोबाइल चार्ज करायचा तर एक काढून दुसरं लावायचं, काचेवरून खाली आलेली केबल गिअरच्या दांड्यापाशी घुटमळत राहते. शिवाय बहुतेक गाड्यांत किल्ली काढली की त्या सॉकेटचा पुरवठा बंद होतो. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी बंपर घासून गेलं, तर नेमकं तेवढंच चित्रण नसतं. मग ॲक्सेसरीवाला सुचवतो, ‘हार्डवायर करून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे.’

काम खरंच अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. प्रश्न तो अर्धा तास कसा जातो याचा आहे. कित्येक दुकानांत डॅशबोर्डखालची एखादी हाताला लागलेली तार ब्लेडनं सोलतात, तिच्यावर नव्या तारेचे तंतू पिळतात आणि वरून काळी टेप गुंडाळतात. त्या दिवशी सगळं झकास चालतं. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते, तांबं उघडं पडतं. पुढे खड्ड्यांचा रस्ता आहेच. उघडी तार डॅशबोर्डमागच्या एखाद्या लोखंडी पट्टीला टेकली की काय होईल, ते त्या तारेच्या वाटेवर फ्यूज आहे का, कुठे आहे आणि किती अँपिअरचा आहे, यावर ठरतं. म्हणून आधी फ्यूज समजून घेऊ. त्यानंतरचे सगळे नियम त्यातूनच निघतात.

गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. दोन्ही टर्मिनलना हात लावला तरी झटका बसत नाही, आणि इथेच माणूस गाफील राहतो. झटका व्होल्टेजमुळे बसतो, पण तार तापते ती तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहामुळे. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. लहान हॅचबॅकची बॅटरीही स्टार्टरला क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर देते. आपल्या घरातल्या दिव्यांच्या सर्किटवर बहुधा 6 किंवा 10 अँपिअरचा एमसीबी असतो, यावरून अंदाज यावा. बारीक तार थेट बॅटरीच्या प्लसपासून बॉडीला टेकली, तर काही सेकंदांत तिच्यावरचं प्लास्टिक वितळतं. शेजारी असतात गालिचा, फोम आणि इतर तारांचे जुडगे.

फ्यूज म्हणजे त्या वाटेवर मुद्दाम ठेवलेली कच्ची कडी, एक पातळ धातूची पट्टी. तार तापून धोक्यात येण्याआधी ती वितळावी, एवढंच तिचं काम. म्हणजे फ्यूज कॅमेऱ्याला वाचवण्यासाठी नाही, तारेला वाचवण्यासाठी आहे. कॅमेरा आतून बिघडायचा असेल तर फ्यूज असूनही बिघडेल. हे एकदा पटलं की दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, फ्यूजचा आकडा तारेच्या सोसण्याच्या ताकदीपेक्षा कमी हवा आणि उपकरणाच्या गरजेपेक्षा जास्त. दोन, फ्यूज वीज जिथून घेतली तिथे, अगदी उगमाशी हवा. तीन मीटर तारेच्या शेवटी, कॅमेऱ्याजवळ लावलेला फ्यूज त्या तीन मीटरला काहीच संरक्षण देत नाही. बॅटरीवरून थेट तार घेणार असाल तर फ्यूज टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत बसवावा, तो याचसाठी.

आकड्यांचंही थोडं पाहू. डॅशकॅम 5 व्होल्टवर साधारण एक ते दीड अँपिअर घेतो, म्हणजे 5 ते 7.5 वॅट. हार्डवायर किटमधली छोटी डबी 12 चे 5 व्होल्ट करते. तिच्यातला अपव्यय धरला तरी 12 व्होल्टच्या बाजूला प्रवाह जेमतेम पाऊण अँपिअर. त्याला 2 किंवा 3 अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. तरीही पुष्कळांच्या गाडीत तिथे 10 चा लाल फ्यूज दिसतो, कारण दुकानात तोच हाताशी होता. किटची तार केसासारखी बारीक असेल, तर तिच्या दृष्टीनं 10 चा फ्यूज असून नसल्यासारखा. आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. 10 चा फ्यूज 10 अँपिअरला उडत नाही. प्रवाह आकड्याच्या दुप्पट झाला तर तो काही क्षणांत जातो. पण तिसऱ्या हिश्शानं जास्त असेल तर कित्येक मिनिटं तसाच तग धरू शकतो, आणि तेवढा वेळ तार तापत असते. म्हणून तार आणि फ्यूज यांच्यात सढळ फरक ठेवायचा.

पात्यांच्या फ्यूजचे रंग जगभर सारखेच आहेत. 2 राखाडी, 3 जांभळा, 5 फिकट बदामी, 7.5 तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पांढरा किंवा पारदर्शक, 30 हिरवा. रंगापेक्षा वर छापलेला आकडा वाचावा. 5 चा बदामी आणि 7.5 चा तपकिरी रंग मंद उजेडात हमखास चकवतात. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून गाडी घरी आणल्याचे किस्से जुनी ड्रायव्हर मंडळी मोठ्या कौतुकानं सांगतात. ती गाडी पेटली नाही, हे नशीब. कौशल्य नव्हे.

आता फ्यूजबॉक्सकडे वळू. बहुतेक गाड्यांत दोन असतात. एक बॉनेटखाली बॅटरीजवळ, तिथे हेडलाइट, रेडिएटरचा पंखा अशी जड मंडळी. दुसरा आत, ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर डॅशबोर्डखाली. काही गाड्यांत ग्लव्हबॉक्समागे. डॅशकॅमला आतलाच हवा. कोणता फ्यूज कशाचा, ते झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मालकाच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका या कामाचं पहिलं हत्यार आहे.

त्या यादीतले काही फ्यूज आपल्यासाठी नाहीतच. एअरबॅग, एबीएस, इंजिनाचा ईसीयू, इंधनपंप, पॉवर स्टिअरिंग यांना हात लावायचा नाही. कॅमेरा घेतो तेवढ्या प्रवाहानं त्यांचं काही अडत नाही, हे खरं. पण तिथे बसवलेला जोड पुढेमागे सैल झाला तर मूळ यंत्रणेचाच पुरवठा तुटतो. रेडिओ बंद पडला तर गाणी थांबतील, इंधनपंप बंद पडला तर गाडी एक्सप्रेसवेच्या मधल्या लेनमध्ये थांबेल. म्हणून निवड बिनमहत्त्वाच्या सर्किटांतून करायची. लायटर सॉकेट, ऑडिओ, आतला दिवा.

किटच्या तीन तारा असतात. काळी अर्थिंगची. लाल तार ‘ॲक्सेसरी’ पुरवठ्याला, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच जो जिवंत होतो त्याला. तिच्यावरून कॅमेऱ्याला कळतं की गाडी चालू आहे. पिवळी तार सतत चालू असणाऱ्या पुरवठ्याला. गाडी बंद असतानाचं चित्रण तिच्या जोरावर चालतं. रंगांची ही वाटणी बऱ्याच किटमध्ये अशी असली तरी काही कंपन्या ती उलटीही करतात, म्हणून किटसोबतचा कागद वाचूनच पुढे जावं.

कोणता फ्यूज कोणत्या प्रकारचा, हे छापील यादीवर न सोडता मोजून पाहावं. मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, काळी टोकणी बॉडीच्या उघड्या धातूला आणि लाल टोकणी फ्यूजच्या माथ्यावर दिसणाऱ्या बारीक धातूच्या ठिपक्याला. किल्ली बंद असताना 12 च्या आसपास दिसलं तर पुरवठा सततचा. किल्ली फिरवल्यावरच दिसलं तर ॲक्सेसरी किंवा इग्निशनचा. अलीकडच्या गाड्या मात्र लगेच झोपत नाहीत. दार लावून लॉक केल्यानंतरही काही सर्किटं बराच वेळ जागी राहतात. त्यामुळे ‘सततचा’ वाटलेला फ्यूज अर्ध्या तासानं पुन्हा मोजावा, नाहीतर मध्यरात्रीचं चित्रण होतच नाही आणि दोष कॅमेऱ्याला लागतो. वायरमन मंडळी टेस्टलॅम्प वापरतात. तो छानच आहे, कारण दिवा पेटायला खरा प्रवाह लागतो आणि सैल जोड लपत नाही. पण जुन्या पद्धतीच्या फिलामेंटवाल्या टेस्टलॅम्पनं कुठलीही तार चाचपडत बसू नये. विशेषतः पिवळ्या कपलरपासून दूर राहावं. बहुतेक गाड्यांत तो रंग एअरबॅगचा असतो, आणि एअरबॅग पेटवायला फार थोडा प्रवाह पुरतो.

जागा ठरली की मूळ तार न सोलता वीज घ्यायची सोय म्हणजे फ्यूज टॅप. बाजारात ‘ॲड अ सर्किट’ म्हणूनही मिळतो. मूळ फ्यूज काढायचा, त्याच्या जागी हा टॅप खोचायचा. टॅपच्या खालच्या घरात तोच मूळ फ्यूज आणि वरच्या घरात आपला नवा 2 किंवा 3 चा. मागून निघते ती आपली तार. टॅप घेताना मूळ फ्यूजचा आकार जुळवून घ्यावा. रेग्युलर, मिनी, बुटका मिनी आणि मायक्रो हे एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत. जबरदस्तीनं बसवलेला टॅप आतल्या पितळी पकडीला फाकवतो. फाकलेली पकड सैल, सैल जोड तापतो, आणि हे तापणं फ्यूजला कळत नाही, कारण प्रवाह तर नेहमीएवढाच असतो. फ्यूजबॉक्सचं प्लास्टिक वितळलेलं दिसतं त्यामागे बऱ्याचदा अशी सैल पकड असते.

टॅपला दिशा असते, आणि ही गोष्ट सराईत मेकॅनिकही विसरतात. मूळ फ्यूज काढल्यावर दोन खाचा दिसतात. एका खाचेत बॅटरीकडून वीज येते, दुसरीतून ती उपकरणाकडे जाते. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक असतो, तो वीज येणाऱ्या खाचेत हवा. तसं केलं की तिथूनच वाटा फुटतात. मूळ उपकरणाचा प्रवाह मूळ फ्यूजमधून, आपला प्रवाह आपल्या फ्यूजमधून. टॅप उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण मग कॅमेऱ्याचा प्रवाहही मूळ फ्यूजमधूनच येतो आणि त्या फ्यूजवर दोघांचा भार पडतो. कॅमेऱ्याच्या पाऊण अँपिअरनं फारसं बिघडणार नाही, मोठं उपकरण असेल तर मूळ फ्यूज वारंवार उडेल. तपासणी सोपी आहे. फ्यूज काढून, किल्ली चालू ठेवून, दोन्ही खाचा मल्टीमीटरनं पाहायच्या. 12 व्होल्ट दाखवणारी खाच वीज येणारी. सामाईक पाय कोणता हे टॅपच्या घडणीवरून न कळल्यास मल्टीमीटरच्या बझरवर कळतं. टॅपमध्ये फक्त वरचा फ्यूज लावून कोणत्या पायापासून बाहेरच्या तारेपर्यंत आवाज येतो ते बघा.

जागा आणि दिशा ठरल्यावर, प्रत्यक्ष जोडणीआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून ठेवावं. मायनस आधी, कारण पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. काही गाड्यांत त्यानंतर घड्याळ आणि काचेचं ऑटो बटण पुन्हा जुळवावं लागतं, एवढा त्रास सोसावा.

अर्थिंगकडे बहुतेक जण शेवटी आणि घाईत बघतात, आणि ‘कॅमेरा मधूनमधून बंद पडतो’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच निघतं. काळी तार बॉडीच्या पत्र्यात घट्ट बसलेल्या बोल्टखाली, गोल लग क्रिम्प करून, बसवायची. प्लास्टिकला धरणारा स्क्रू चालत नाही, रंगाच्या थरावर बसलेला लग चालत नाही. कोकणात आणि मुंबईत दमट हवेनं असा अर्धवट जोड दोन पावसाळ्यांत गंजतो. एअरबॅगच्या मॉड्यूलजवळचा बोल्ट तेवढा टाळावा. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर प्रवाह मोजणारा छोटा सेन्सर असतो. तिथे थेट टर्मिनलला अर्थ जोडली तर आपण खाल्लेली वीज त्या सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. अर्थ बॉडीलाच द्यावी, ती याही कारणासाठी.

केबल वर नेताना काचेच्या कडेच्या खांबाच्या आवरणातून न्यावी लागते. पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत ती त्याच खांबात दडलेली असते. केबल एअरबॅगच्या पुढून गेली तर एअरबॅग उघडताना तिच्यात अडकेल, म्हणून ती मागून, मूळ वायरिंगच्या जुडग्याला बांधून नेतात. आवरण काढायची पद्धत माहीत नसेल, तर खांबाला हात न लावता केबल दाराच्या रबरी पट्टीत दाबून वर न्यावी. दिसायला उजवं नाही, पण एअरबॅगशी खेळ नाही. पेडलजवळ एकही सैल वेटोळं राहू देऊ नये.

पार्किंगमधल्या चित्रणाचा हिशेब मात्र थोडा निवांत करायला हवा, कारण ‘डॅशकॅम लावला आणि बॅटरी गेली’ ही तक्रार त्यातूनच येते. समजा, उभ्या गाडीत कॅमेरा 0.3 अँपिअर घेतो. चोवीस तासांत 7.2 अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. कागदावर ती जवळजवळ पाच दिवस पुरेल. पण स्टार्टिंगची बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. अर्ध्यावर आली तरी थंडीच्या सकाळी स्टार्टर कुरकुरतो, आणि वारंवार खोल उतरली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. शिवाय दोन वर्षं वापरलेल्या बॅटरीत कागदावरचे 35 राहिलेले नसतात. म्हणजे हातात राहतात दोन दिवस. शुक्रवारी रात्री उभी केलेली गाडी सोमवारी चालू होईल का, हा प्रश्न रास्त आहे.

यावर उतारा म्हणून किटच्या डबीत कमी व्होल्टेजला तोडणारं सर्किट असतं. स्वस्थ, पूर्ण भरलेली, काही तास उभी राहिलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी. 11.8 म्हणजे जवळपास रिकामी. काही किटमध्ये मर्यादा 11.8 वरच ठेवलेली येते. चित्रण जास्त वेळ चालतं खरं, पण ते बॅटरीच्या जिवावर. बटण किंवा स्विच असेल तर ती 12.2 किंवा त्याहून वर ठेवावी. आठवड्यातून एकदाच, तेही भाजी मंडईपर्यंतच चालणाऱ्या गाडीत सततचं पार्किंग चित्रण ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या फेरीत अल्टरनेटर स्टार्टिंगला खर्च झालेली आणि कॅमेऱ्यानं खाल्लेली वीज भरून काढू शकत नाही.

इथपर्यंत लहान उपकरणांचं झालं. फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, ॲम्प्लिफायर यांच्यासाठी फ्यूज टॅप नाही. समजा, मूळ सर्किटावर 10 अँपिअर घेणारे दिवे लावले आणि तार 1 चौरस मिलिमीटरची, पाच मीटर लांब आहे. तांब्याच्या अशा तारेचा रोध साधारण 0.086 ओहम. 10 अँपिअरला तिच्यावरच 0.86 व्होल्ट पडतात आणि साडेआठ वॅट उष्णता होते. दिवे मंद, तार कोमट. चार तारा एकत्र बांधलेल्या नळीत ही उष्णता बाहेर पडत नाही. अशा कामाला रिले लागतो. स्विचमधून रिलेच्या कॉइलला जेमतेम 0.15 ते 0.2 अँपिअर जातात आणि जड प्रवाह बॅटरीपासून फ्यूज, मग रिले, मग दिवा अशा जाड तारेनं जातो. रिलेच्या बुडावर 30, 85, 86, 87 हे आकडे असतात. 30 ला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी तार, 87 वरून दिव्याकडे, 85 आणि 86 ही कॉइलची दोन टोकं. बॉनेटखालची तार पन्हाळी प्लास्टिक नळीतून न्यावी. पावसाळ्यात उबेला येणारे उंदीर आधी उघड्या तारांनाच दात लावतात, आणि कुरतडलेली तार बॉडीला टेकली की तिथे वाचवणारा एकच असतो, बॅटरीजवळचा तो फ्यूज.

पैशांच्या दोन गोष्टी थोडक्यात. मूळ हार्नेस कापला किंवा सोलला असेल, तर वॉरंटीत विजेच्या बिघाडाचा दावा अडू शकतो. टॅप काढून घेता येतो, मागे काप राहत नाही. आणि कारखान्यातून न आलेली विजेची उपकरणं विमा पॉलिसीत किमतीसह वेगळी नोंदवून जादा हप्ता भरला, तरच त्यांची भरपाई मिळते.

हे सगळं स्वतः करायलाच हवं असं नाही. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हेच तुमच्यापेक्षा सफाईनं करेल. फक्त गाडी त्याच्या हाती देण्याआधी विचारा: वीज कोणत्या फ्यूजवरून घेणार, नवा फ्यूज किती अँपिअरचा, तार सोलणार की टॅप लावणार, अर्थ कुठल्या बोल्टला देणार. उत्तरं पटापट आली तर निर्धास्त चहा प्या. ‘साहेब, काळजी करू नका’ एवढंच उत्तर आलं, तर किल्ली खिशात ठेवा आणि दुसरं दुकान शोधा. काम झालं की कोणत्या जागी किती अँपिअरचा टॅप बसवला, ते एका चिठ्ठीवर लिहून फ्यूजबॉक्सच्या झाकणात चिकटवा. पुढच्या वेळी ते झाकण उघडणाऱ्याला तुमची गाडी नवीनच असेल.